पाऊण इंचाची मोहीम

लढाया पुष्कळ जाहल्या. त्यांतील थोड्या लिहिल्या गेल्या आणि बाकीच्या लिहिणाऱ्याअभावी मातीस मिळाल्या. अमेरिकेतील टोलेडो शहरी, मॉमी नदीचे काठी, एप्रिल मासाचे अखेरीस गुरुवार ते शनिवार तीन दिवस जे घोर प्रकरण गुदरले, त्याची हकीकत ज्याने त्याने आपले सोयीने सांगून नासविली. कोणी म्हणे प्रुख्निक जिंकले, कोणी म्हणे तनूस जिंकले, कोणी म्हणे उभयतांस वेड लागले. सबब घडले तैसे लिहून ठेवणे प्राप्त जाहले. ज्यांनी पाहिले त्यांनी ताडून घ्यावे, ज्यांनी पाहिले नाही त्यांनी विश्वास ठेवावा.

लोहार म्हणजे टोलेडोचा फुटबॉल संघ. हा फुटबॉल पायाने खेळावयाचा नव्हे. अंड्याच्या आकाराचा चेंडू काखेत मारून छातीने छाती फोडावयाची, ऐसा खेळ. दर साल एप्रिलात कॉलेजांतील जवान निवडून घेण्याचा दरबार भरतो आणि मागील साली ज्या संघाने अधिक मार खाल्ला, त्याची पंगत आधी. या न्यायाने लोहारांचे पान वर्षानुवर्षे पहिल्या पंक्तीस मांडलेले असे आणि तरीही ते उपाशीच उठत.

त्या संघाचे भक्तांचे सेनापती राजमान्य राजश्री कॅझ प्रुख्निक, वय सहासष्ट. काचेच्या कारखान्यात अडतीस वर्षे मोटारींच्या काचा मापून कापिल्या आणि निवृत्त जाहल्यावरही मोजावयाचा टेप पट्ट्यास अडकवून हिंडत, जैसा सरदार म्हातारपणीही कट्यार सोडीत नाही. त्यांचे धाकटे बहिणीचे, बर्निसबाईंचे, यजमान राजश्री एलायस तनूस, लेबनॉनी रोट्यांच्या बेकरीचे धनी. या उभयतांनी एकोणतीस वर्षे मैदानाबाहेरील मोटारतळावर एकाच शेगडीवर सॉसेज आणि किब्बे, म्हणजे खिम्याचे लेबनॉनी गोळे, भाजून लोहारांचे पराभव साजरे केले. एकोणतीस वर्षांत वाकडा शब्द नाही. मग गुरुवार उजाडला.

गुरुवारी सायंकाळी टेरेसा रोगाला यांचे बियरखान्यात समस्त मंडळी दूरदर्शनासमोर जमा जाहली. लोहारांची पाळी तिसरी. पुकारा जाहला तो केंडल ओबॅनन या जवानाचा, डकोटाच्या माळावरील एका कॉलेजातला, जे कॉलेज कोठे आहे हे कॉलेजवाल्यांखेरीज कोणास ठाऊक नव्हते. काम त्याचे बचावफळीचे टोक राखण्याचे. म्हणजे समोरील अंगरक्षकांची भिंत फोडून, चेंडू फेकणारा जो शत्रूचा मुख्य सरदार, त्यास भुईवर आडवा करावयाचा. पडद्यावर त्याची उंची, वजन, धाव, उडी सर्व मोजून दाखविले आणि शेवटी हाताची लांबी उमटली: सव्वाबत्तीस इंच.

प्रुख्निक यांचे मुखावरील रक्त उतरले. त्यांनी ग्लास खाली ठेविला आणि जाहीर केले की या कामास तेहतीस इंच हात पाहिजे, त्याहून कमी हाताने भिंतीस हात लागण्याआधीच भिंत अंगावर येते, सबब पाऊण इंचाने दौलत बुडाली. एलायस तनूस यांनी उलट बोलणे लाविले की पोराने एका सालात एकोणीस सरदार पाडिले, ते काय काठीने पाडिले? मग दोन तट पडले. जिना चढताना ज्यांस मध्ये थांबावे लागे, ऐसे मातबर योद्धे धावेच्या दशांश सेकंदांवर छातीठोक बोलो लागले. ज्यांनी उभ्या जन्मात स्वतःचे बुटाची नाडी वाकून बांधिली नव्हती, त्यांनी जवानाचे कंबरेच्या लवचिकतेवर ठपके ठेविले.

शुक्रवारी पुन्हा मसलत बसली आणि अधिक बिघडली.

"मेव्हणे, पोरगा सरदार पाडायला आणलाय," तनूस म्हणाले. "माळ्यावरचे डबे काढायला नाही."

"दाजी, पाऊण इंच म्हणजे काय ते तुम्हाला नाही कळायचं. काच पाऊण इंच कमी पडली तर गाडीत पाऊस येतो. तुमच्या रोटीचं बरं असतं, ताणली की बसते."

रोटीवर घाव बसल्याने तनूस बहुत कष्टी जाहले. त्यांनी भिंतीवरील तसबिरीकडे बोट केले. ती तसबीर ओटिस मेरीवेदर यांची, पंचेचाळीस वर्षांमागे लोहारांचे टोक राखणारे महावीर, ज्यांनी एकशे एकवीस वेळा शत्रूचा सरदार भुईसपाट केला आणि ज्यांचे नाव घेताना प्रुख्निक टोपी काढीत.

"ह्यांचा हात कुणी मोजला होता का?" तनूस यांनी विचारले.

कोणी मोजला नव्हता. त्या काळी मोजण्याची चालच नव्हती. प्रुख्निक म्हणाले की पस्तिसाच्या आत असणे शक्य नाही. तनूस म्हणाले की तेहतीसही भरणार नाही. मग बोलाचाली वाढत वाढत तनूस यांनी मोटारतळावरील शेगडी आपल्या नावची आहे ऐसे स्मरण दिले, आणि प्रुख्निक यांनी येत्या हंगामात आपण अन्यत्र भाजू ऐसे उत्तर केले. ते बोलल्यावर उभयतांस वाईट वाटले, परंतु सेनेसमक्ष बोललेला शब्द परत घेण्याचा रिवाज नाही.

हे वर्तमान बर्निसबाईंस कळताच फर्मान सुटले की जो निकाल लावावयाचा तो शनिवारी लावून मोकळे व्हावे. रविवारी आपल्या टेबलावर ज्याचे तोंडून इंच हा शब्द निघेल, त्याचे ताट त्याच क्षणी उचलले जाईल. नवरा अथवा भाऊ, ऐसा भेद होणार नाही.

तेव्हा टेरेसाबाईंनी बातमी दिली की मेरीवेदर अद्याप हयात असून नदी सरोवरास मिळते तेथे, पॉइंट प्लेस येथे, पत्नीसह राहतात. मोहीम ठरली. शनिवारी दोन प्रहरी तीन गाड्या, नऊ असामी, कूच जाहले. बिनीस प्रुख्निक यांची मालाची मोटार, मध्ये टेरेसाबाई, चंदावलीस तनूस यांची रोट्यांची व्हॅन. रसद म्हणून बियरची दोन खोकी आणि किब्ब्यांची परात. वाटेत रेल्वेच्या फाटकाने फौज अडविली आणि एकशे अठरा डब्यांची मालगाडी पुढून सरकत असता दोन्ही तटांनी खिडक्या उघडून परस्परांचा उद्धार केला. फाटक उघडले तेव्हा सर्वांचा घसा बसला होता. त्या योगे पुढील मजल शांततेत पार पडली.

दार लुरीन मेरीवेदर यांनी उघडिले. समोर नऊ माणसे, एकाचे हाती परात, एकाचे हाती टेप.

"विमावाले का?" त्यांनी विचारिले.

वकिली तनूस यांजकडे होती. त्यांनी घसा खाकरून निवेदन केले की मंडळींस बाईंचे यजमानांचा हात मोजावयाचा आहे.

"मग शिंपी आहात."

आतून हसण्याचा आवाज आला आणि ओटिस मेरीवेदर स्वतः दारात आले. शरीर तेच, दार भरून टाकणारे, परंतु पुढे वाकलेले. प्रुख्निक यांनी टोपी काढिली. मेरीवेदर म्हणाले, "या, या. डॉक्टर सोडला तर इतक्या वर्षांत कुणी हात मागायला आलं नाही. मोजा खुशाल."

दिवाणखान्यात दोन्ही तट भिंतीस लागून उभे राहिले. मोजण्याचा मान प्रुख्निक यांचा. टेपाचे टोक खांद्याच्या हाडावर धरून मधल्या बोटाच्या अग्रापर्यंत मोजावयाचे, हात आडवा, सरळ. मेरीवेदर यांनी हात उचलला. तो बरगडीपर्यंत आला आणि थांबला. कोपर वाकडे ते वाकडेच राहिले. प्रुख्निक यांचे अंगठ्याखाली खांद्याचे हाड काचेचा चुरा हलावा तैसे करकरले.

"जरा सरळ करता आला तर," तनूस अदबीने म्हणाले.

मेरीवेदर यांनी शर्थ केली. त्यांचे कपाळावर घाम उभा राहिला आणि लुरीनबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. प्रुख्निक यांचे मनात आले की अडतीस वर्षांत ज्या काचेत आतून ताण असतो ती आपण बोटाने ओळखिली आणि बाजूस ठेविली, आणि येथे याच हाताचे एकशे एकवीस विजय आपण बियर पीत, टाळ्या पिटीत पाहिले, आणि दर खेपेस आणखी मागितले. त्यांचे हातून टेप सुटला आणि सर्र करून डबीत गेला.

"पुरे," ते म्हणाले. "एकतीस भरला. कमीच आहे. दाजी, मी हरलो. लिहून घ्या."

आता तनूस यांचे पक्षाने जयजयकार करावयाचा होता. परंतु तनूस यांनी मेरीवेदर यांचे वाकड्या कोपराकडे पाहिले, मग मेव्हण्याकडे.

"हात सरळ कुठे होता? वाकडा हात मोजलात तुम्ही. असली जीत मी घरी नेत नाही. हरलो असेन तर मीच हरलो."

"तुम्ही कसे हरलात? मी मोजलंय."

"मोजलं चुकीचं."

"अडतीस वर्षांत माझं माप चुकलं नाही."

"आज चुकलं. मान्य करा आणि जिंका गुमान."

ऐशी ही लढाई उलटी पेटली. जो तो पराभव आपले पदरात घ्यावयास धावू लागला आणि सैन्यास कोणाचे बाजूने ओरडावे ते समजेना. मेरीवेदर खुर्चीत बसून हा तमाशा पाहात होते. अखेर त्यांनी विचारिले की मूळ भानगड काय. ती ऐकिल्यावर म्हणाले की आपण तो दरबार पाहिलाच नाही, कोण पोरगा तो दाखवा. टेरेसाबाईंनी फोनवर ओबॅनन याचे खेळाची चित्रे लाविली. मेरीवेदर यांनी ती तीन वेळा पाहिली. तिसऱ्या वेळी चेहऱ्यावरील हसू गेले.

"हाताला काही झालेलं नाही पोराच्या," ते म्हणाले. "पण दर वेळी उजवाच खांदा आधी घालतो. आलटून पालटून घाल म्हणावं. मला कुणी सांगितलं नव्हतं."

लांबीवर तीन दिवस भांडलेल्या सभेत खांद्याचे नाव कोणी काढिले नव्हते. तेथल्या तेथे प्रुख्निक यांनी कागद मागितला, तनूस यांनी आपले सुबक अक्षराने खलिता लिहिला, आणि मेरीवेदर यांनी सही केली. सहीस वेळ लागला. कोणी घाई केली नाही. खलिता टेरेसाबाईंनी लोहारांचे कचेरीत पोहोचता करण्याचे पत्करिले.

मग किब्बे वाढले गेले. खाता खाता प्रुख्निक यांची नजर खिडकीबाहेर परसात गेली. तेथे गाड्यावर चढविलेली एक मासेमारीची नाव, वर ताडपत्री, ताडपत्रीवर तीन हिवाळ्यांची पाने. त्यांनी चौकशी केली. लुरीनबाई म्हणाल्या की वसंतात सरोवरात वॉलाय मासा दाटतो, पूर्वी दर साल एप्रिलात आपण दोघे जात असू, परंतु ती पाण्यात लोटावयास खांदे लागतात आणि मुले दूर टेक्सासास. शेजाऱ्यांस सांगणे ओटिस यांस जड जाते.

प्रुख्निक उठले. "पाणी किती लांब?"

"चाळीस पावलं. पण मधे चिखल आहे, बरं का."

"दाजी, चला."

त्या चाळीस पावलांचे युद्ध विस्ताराने लिहावे तर कागद पुरणार नाही. गाड्याच्या दोन्ही चाकांत हवा नव्हती. खिळे गंजलेले, दोर कुजलेला. नऊ असामी, सरासरी वय एकसष्ट, दोन तट मोडून एक जाहले आणि नावेस भिडले. दहाव्या पावलावर एकाची कंबर धरली, त्यास किब्ब्यांच्या परातीशेजारी निजविले. विसाव्यावर गाडा चिखलात रुतला, तेव्हा तनूस यांनी व्हॅनमधील रोट्यांच्या फळ्या काढून चाकांखाली घातल्या. मेरीवेदर काठावर खुर्ची टाकून हुकूम देत होते, डावीकडे, थांबा, आता सगळे मिळून, आणि तो आवाज ऐकताच प्रुख्निक यांचे पायांत विशीचे बळ आले. शेवटले पाच पावलांस मेव्हणे आणि दाजी कमरेइतके बर्फगार पाण्यात शिरले, खांद्यास खांदा लावून. पाण्यात तनूस हळूच म्हणाले, "शेगडी माझ्या नावावर आहे, हे मी बोलायला नको होतं." प्रुख्निक म्हणाले, "ढकला, दाजी. माझे पाय गारठले."

नाव तरली. इंजिनाने अकरा वेळा नकार दिला. बारावे वेळी लुरीनबाईंनी सर्वांस बाजूस सारून स्वतः दोरी ओढिली आणि ते सुरू जाहले. मेरीवेदर यांस चौघांनी उचलून आत बसविले. लुरीनबाईंनी सुकाणू धरिले आणि कोणास चला न म्हणता उभयता सरोवराकडे निघून गेली. फौज ओल्या विजारींनी काठावर उभी राहून पाहात राहिली.

येणेप्रमाणे शनिवारी चौथे प्रहरी फत्ते जाहली ती नमूद केली असे. आपले पक्षाकडील हानी: बूट एक, कंबर एक, तनूस यांचा फोन, रोट्यांच्या फळ्या सहा. तहाची कलमे कोणी मांडिली नाहीत आणि कोणास ती लागली नाहीत. सूर्य उतरता नाव परत आली. गळ पाण्यात टाकावयाचे काम लुरीनबाईंनी केले. ओढावयाचे काम मेरीवेदर यांनी स्वहस्ते केले, वाकड्या कोपराने, सावकाश. वॉलाय एक. लुरीनबाईंनी तो उचलून काठावरील लोकांस दाखविला. सर्वांनी टोप्या काढिल्या. माशाची लांबी कोणी मोजिली नाही.