सोर्स अकाउंटचं सोपं पान

तनुजा हिंजवडीतल्या एका ब्लॉकचेन कंपनीत डेव्हलपर लोकांसाठी माहितीची पानं लिहायची. त्यातल्या 'सोर्स अकाउंट' या पानाबद्दल आजवर फक्त तक्रारीच आल्या होत्या. तिचा मॅनेजर विश्वजीत म्हणाला, "वाचणाऱ्याला झोप लागू नये, एवढं केलंस तरी उपकार होतील."

तनुजाने आठवडाभर खपून पान नव्याने लिहिलं. व्यवहार ज्या खात्याच्या नावाने जातो ते सोर्स अकाउंट. सही त्याचीच, आणि प्रत्येक व्यवहाराला त्याच खात्याचा पुढचा क्रमांक. क्रमांक चुकला की व्यवहार परत. जुन्या पानावर उदाहरणात खात्याच्या जागी नुसत्या फुल्या होत्या. तनुजाला ते पटेना. तिने शेजारच्या बुद्धभूषणकडे चाचणीचं एखादं चालू खातं मागितलं. त्याने सँडविच खाता खाता सही करायच्या गुप्त किल्लीसकट पाठवून दिलं. त्यात खरा पैसा नव्हताच. मग काळजी कशाची?

मंगळवारी सकाळी दहाला पान प्रसिद्ध झालं. अकराला ग्राहक कंपनीच्या मेहनाज मॅडम आपले तीन इंजिनिअर घेऊन डेमो बघायला आल्या. वर्षातलं सगळ्यात मोठं काम देणं त्यांच्या हातात होतं. विश्वजीतने पाऊण तास प्रस्तावना केली आणि मोठ्या पडद्यावर व्यवहार पाठवला. लाल अक्षरं उमटली: क्रमांक चुकीचा.

"होतं असं कधीकधी," तो हसला. पुन्हा पाठवला. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा त्याचं हसू संपलं.

बुद्धभूषणने खात्याचा इतिहास उघडला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो तनुजाच्या कानाशी लागला. "पानावर कुठलं अकाउंट टाकलंस?"

"तू दिलेलंच."

"अगं, मी चुकून डेमोचं दिलं! आणि त्याची किल्ली?"

"तीपण टाकलीय. त्याशिवाय उदाहरण चालणार कसं?"

"दोन तासांत नऊशे व्यवहार गेलेत त्यावरून! जो तो उचलून तसंच चिकटवतोय. आपण पाठवेपर्यंत क्रमांक पुढे पळतोय!"

विश्वजीतने हे ऐकलं आणि त्याचे डोळे विस्फारले. "म्हणजे... आपली पानं लोक वाचतात?"

दुसरं खातं घ्यायचं तर सगळा डेमो नव्याने जुळवावा लागणार होता. तनुजाने पानाच्या डोक्यावर ठळक सूचना टाकली: 'हे खातं वापरू नका.' पाच मिनिटांत आकडा अकराशेवर गेला. ज्यांचं लक्ष नव्हतं, त्यांचंही गेलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. नोकरी गेलीच, असं धरून तनुजा पर्स खांद्याला लावून उभी राहिली. "मॅडम, चूक माझी आहे. मी पानावर डेमोचंच खातं छापलं."

मेहनाज मॅडमनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "ते पान तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"मगाचपासून हे तिघं त्यावरूनच व्यवहार पाठवतायत. तुमच्या साहेबांच्या प्रस्तावनेत काही कळेना, म्हणून मीच त्यांना तुमचं पान उघडून दिलं. अर्ध्या तासात जमलं पोरांना!"

तिघांनी ओशाळून लॅपटॉप मिटले. तेवढ्या उसंतीत विश्वजीतने पुन्हा पाठवलेला व्यवहार पडद्यावर हिरवा झाला.

"काम तुम्हालाच," मॅडम विश्वजीतला म्हणाल्या आणि त्यांनी तनुजाकडे बोट केलं. "अट एकच. उरलेली पानंही यांनीच लिहायची."

"लिहील की! अवश्य लिहील!" विश्वजीतने तनुजाला न विचारताच सांगून टाकलं.

"उरलेली किती आहेत रे?" तनुजाने हळूच विचारलं.

बुद्धभूषणने यादी खाली सरकवली. बराच वेळ सरकवत राहिला.

"तीनशे बारा."

तनुजा पर्ससकट मटकन खाली बसली.