बुरशीचं माहेरपण

वांग्याच्या वावरातल्या बुरशीनं अकरा वर्षांत पहिल्यांदाच पंचमीला माहेरी जायची रजा मागितली. तिला न्यायला डोंगरावरच्या देवराईतून मुऱ्हाळी आला होता. दोऱ्याएवढा, पांढरा, आणि मानी. बांधाच्या आत काही पाऊल टाकेना.

कृषी सहायक डोईफोडे अर्ज घेऊन यमुनाबाईंकडे आले.

"मागणी रास्त आहे," ते म्हणाले. "ओढ्याच्या पाण्यातून येणारं शिसं ती मुळाशी अडवून धरते, म्हणून तुमची वांगी खाण्याजोगी राहतात. पण बदली कोण देणार?"

"मी धरते की चार दिवस."

"तुम्हाला जायचं नाही कुठं पंचमीला?"

"मला न्यायला कोण येतंय?"

हे खरंच होतं. यमुनाबाईंचं माहेर त्याच ओढ्याच्या वरच्या अंगाला. तिथं जुन्या बॅटऱ्या वितळवायचा कारखाना आला, भावांनी घर देऊन टाकलं आणि ते चार दिशांना पांगले. तेव्हापासून दर पंचमीला यमुनाबाई सकाळी पिशवी भरत आणि संध्याकाळी रिकामी करत. बुरशीचा त्यांना हेवा वाटला, चांगलाच वाटला.

पंचमीला माती उकरत नाहीत, म्हणून आदल्या दिवशीच त्यांनी दोन्ही हात कोपरापर्यंत वाफ्यात घातले. मुळ्या चाचपडत बोटांशी आल्या. डोईफोड्यांनी वेळ लिहून घेतली. सही हात मोकळे झाल्यावर घ्यायची ठरली. शेजारच्या गोदाबाई दोन वेळा येऊन भाकरी भरवून जात.

शिसं पंचमीच्या सकाळी आलं, गार आणि जड. यमुनाबाईंनी मूठ आवळली आणि त्यांना ओळख पटली. हे त्यांच्या माहेरच्या परसातून आलं होतं. एका कणाला चुलीमागच्या भिंतीचा वास होता. एकात आईची हाक होती, "यमे, जेवून जा गं." मग त्या चार दिवस जागच्या हलल्या नाहीत. पाय अवघडले का, असं गोदाबाईंनी विचारलं, तेही त्यांना ऐकू गेलं नाही.

पाचव्या दिवशी बुरशी परतली. अंगावर तेज होतं, ओटीत कुजकी पानं होती.

"द्या आता, अक्का."

"थोडं राहू दे माझ्याकडं. माहेरचं आहे."

"अंगाला बाधेल तुमच्या," बुरशी म्हणाली. "मी ठेवते. अकरा वर्षांचं सगळं ठेवलंय, एक कण टाकलेला नाही. वाटेल तेव्हा या."

यमुनाबाईंनी मुठी सोडल्या. थोडा वेळ रडल्या, मग हात धुऊन सही केली.

पुढच्या पंचमीला त्यांनी नव्या बांगड्या भरल्या, ठेवणीतलं पातळ नेसलं आणि पिशवी खांद्याला लावली.

"कुठं निघालात?" गोदाबाईंनी विचारलं.

"माहेरी. मुऱ्हाळी आलाय."

उंबऱ्यापाशी एक पांढरा दोरा थांबला होता. त्याच्यामागून त्या शंभर पावलं चालत वांग्याच्या वावरात गेल्या. माती आदल्या दिवशीच मोकळी करून ठेवलेली होती.