रोज एकशे पस्तीस वेळा ऐकणारा इसम

माझं नाव घेतलं की गुन्हेगारी जगतात सन्नाटा पसरतो. मिरजगावात गुन्हेगारी जगत नसल्यामुळे हा सन्नाटा बारमाही असतो आणि त्याचं श्रेय मी नम्रपणे स्वीकारतो. मी अंगद. वरवर पाहता हायवेलगतच्या मोबाईलच्या दुकानाचा मालक, आतून गुप्तहेर. नजर घारीची. स्मरणशक्ती अशी की एकदा पाहिलेलं गिऱ्हाईक जन्मात विसरत नाही. माझी पत्नी जया ही माझी सहायक आहे. हे तिला अजून मान्य नाही.

त्या दिवशी दुकानात कानिफनाथ आला. हा आमच्या 'मुरमाड' बँडचा गायक. बँडमध्ये तिघं जण आणि तिघांची मिळून दीड गिटार. त्यांनी 'माळावरची हाळी' हे स्वतःचं गाणं इंटरनेटवर चढवलं होतं आणि ते लोकांपर्यंत पोचावं म्हणून प्रसिद्धी करून देणाऱ्या एका वेबसाईटवर नाव नोंदवलं होतं.

"अंगदभाऊ, गानं उडवत्यात," तो रडवेला होऊन म्हणाला आणि मोबाईल पुढे केला.

वेबसाईटचं पत्र होतं. आपलं गाणं तीन हजारांवर वेळा ऐकलं गेलं आहे, पण ते सगळं एकाच फोनवरून. हे माणसाचं ऐकणं वाटत नाही. शुक्रवारपर्यंत खुलासा करा, अन्यथा गाणं काढून टाकू.

"वर्षभर खपून केलंय ओ. परत चढवायची उमेद न्हाई आता," कानिफ म्हणाला. त्याच्याकडे बघून मलाही भरून आलं. पण गुप्तहेराला रडून चालत नाही, म्हणून मी चहा मागवला.

कानिफच्या फोनवर गाणं केव्हा, कुठे ऐकलं गेलं त्याचा आलेखही होता. इसम आपल्याच कर्जत तालुक्यातला. सकाळी साडेसहाला सुरू, बाराला बंद. तीनला पुन्हा सुरू, साडेसहाला बंद. रोज एकशे पस्तीस वेळा, रविवारची सुट्टीसुद्धा नाही.

"बारा ते तीन बंद," मी डोळे बारीक केले. "म्हणजे संशयित दुपारी झोपतो. या भागात दुपारी तीन तास झोपणारा माणूस शोधला की काम झालं."

"घरात एक हाय," जया डबा ठेवत म्हणाली.

मी दुर्लक्ष केलं. माझा पहिला निष्कर्ष असा, की नगरच्या एखाद्या जळक्या बँडने गाणं बदनाम करायला मशीन बसवलं असणार. कानिफ म्हणाला, नगरमध्ये आम्हाला कुणी ओळखतच नाही, जळेल कोण? निष्कर्ष बाद झाला. मग मला दुसरा सुचला आणि तो सांगताना माझाच आवाज हळवा झाला.

"कानिफ, ही मुलगी आहे. प्रेमात पडलेली."

कानिफने खिशातून कंगवा काढला.

संध्याकाळी पाच वाजता स्टँडवर एक मुलगी कानात वायरी घालून, डोळे मिटून ओठ हलवताना सापडली. काकासाहेब गिरणीवाल्यांची सृष्टी. मी शेजारी जाऊन उभा राहिलो आणि हळूच म्हणालो, "तेच ना? सकाळपासून तेच?"

"व्हय काका," ती म्हणाली.

"कितव्यांदा?"

"लई येळा झालं. पाठच हुईना."

"मनात काय येतं ऐकताना?"

"भंडारदरा धरन कोनत्या नदीवर हाय ते." ती पोलीस भरतीचे प्रश्न ऐकत होती. वर मलाच दोन प्रश्न विचारले. मला एकही आला नाही. कानिफने कंगवा परत खिशात ठेवला.

गुरुवार उजाडला. मी दुकानाच्या शटरवर खडूने तालुक्याचा नकाशा काढत होतो. परदेशी टोळीचा तिसरा निष्कर्ष आकार घेत असतानाच जया हुरड्याची कणसं घेऊन आली.

"अहो, ते कानिफचं गानं कडूबाईंच्या रानात वाजतंय," ती म्हणाली. "जवारीत. पाखरं हाकलायला."

मी म्हणालो की मला ही शंका आधीपासून होती. जयाने माझ्याकडे पाहिलं आणि कणसं निवडायला घेतली.

कानिफला बोलावून आम्ही तिघं रानात गेलो. ज्वारी ऐन हुरड्यात आलेली. मधोमध राखणीचा उंच माळा, माळ्याला टांगलेला स्पीकर, आणि स्पीकरातून कानिफ जीव तोडून हाळी देत होता. हाळी आली की चिमण्यांचा थवा भर्रकन उठून पार ओढ्यापलीकडे जाई. खाली गोफण मांडीवर घेऊन कडूबाई बसल्या होत्या. मला बघताच त्या उठल्या.

"ह्योच की तो मोबाईलवाला! बाबा, लई उपकार झालं तुजं." मग त्या जयाकडे वळल्या. "पाखरांसाठी कायतरी वरडनारं दे म्हनलं, तर ह्यानंच ह्ये गानं लावून दिलं. म्हनला, सकाळी ह्ये बटन दाब, बाकी कशाला हात लावू नगं. दुपारी पाखरं बसत्यात सावलीला, तवा मी बी बंद करून भाकर खाते."

जयाने पदर तोंडाला लावला. वीस वर्षांच्या संसारात मला तिचं हसणं एवढं कधी झोंबलं नव्हतं.

पण कानिफचा चेहरा पार उतरला. "म्हंजे माजं गानं ऐकून पाखरं पळत्यात," तो पुटपुटला. "आन मला वाटलं, कुनीतरी ऐकतंय."

"आरं, तूच का त्यो?" कडूबाईंनी त्याचा दंड धरला. "शेजारच्यानं शिनेमाची गानी लावली हुती, तर पाखरं ताल धरून दानं टिपीत बसली. तुज्याला थांबत न्हाईत. मानूस खरंच हाळी देतोय असं वाटतं त्यास्नी. मला सुदिक पयल्या दिशी वाटलं, आमचा रामहरी आला. बांदापत्तुर पळत गेलते."

रामहरी म्हणजे त्यांचा मुलगा. तो आणि सून कोपरगावकडे ऊसतोडीला गेलेले. घरी या एकट्याच.

"गानं बंद केलं की रान लई मोकळं वाटतं रं," कडूबाई म्हणाल्या.

कानिफने नाक शर्टाच्या बाहीला पुसलं आणि तिथंच बांधावर बसून माझ्या मोबाईलवरून खुलासा लिहिला. 'ऐकणारी एकच आहे, पण माणूस आहे. नाव कडूबाई.' सोबत माळ्याखाली उभ्या कडूबाईंचा व्हिडिओ जोडला. त्यात मागे मीही आहे, तपास करताना.

शुक्रवारी चार वाजता माझ्या मोबाईलवर उत्तर आलं. खुलासा मान्य, गाणं राहील. कानिफ फोन उचलेना, म्हणून मी आणि जया रानात गेलो. कडूबाईंचं रिचार्ज संपलं होतं आणि कानिफ स्वतः माळ्यावर उभा राहून गात होता. बांधावर शेजारच्या रानातल्या चार-पाच बाया येऊन बसल्या होत्या.

"पास झालं! गाणं राहिलं!" मी खालून ओरडलो.

कानिफने गाता गाताच हात हलवला. गाणं संपलं तसा तो खाली उतरला आणि उत्तर वाचायला मोबाईलसाठी माझ्याकडे हात केला. तेवढ्यात कडूबाईंनी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

"आजून एखादं हाय का रं तुज्याकडं?" त्यांनी विचारलं. "खालच्या तुकड्यातल्या जवारीला लागंल."

कानिफने तांब्या रिकामा करून खाली ठेवला. "न्हाई मावशी," तो म्हणाला, "पन आज बसतो करायला."

माझा मोबाईल माझ्या हातातच राहिला.