डिकीतली पाएया

गल्लीच्या तोंडाशी उभा केलेला कागदी लगद्याचा पुतळा आपलाच आहे, हे एलिसेउने नाकावरून ओळखलं. अख्ख्या वालेन्सियात तसं नाक दुसऱ्या कुणाला नव्हतं. शिवाय तो पुतळा गाडीच्या डिकीतून पाएया या तिथल्या खास भाताची भली मोठी पसरट कढई चोरासारखा बाहेर काढत होता, त्यामुळे शंकेला जागाच उरली नाही.

मार्चच्या सणात वर्षभराच्या फजित्यांचे असे पुतळे उभारायचे, मतं घेऊन त्यांतला एक वाचवायचा आणि बाकीचे शेवटच्या रात्री पेटवून द्यायचे, ही गल्लीची रीत. दरवर्षी दुसऱ्यांच्या पुतळ्यांपुढे सगळ्यात मोठ्याने खिदळायचा तो एलिसेउच. यंदा गल्ली त्याला हसत होती, आणि हसण्यासारखं त्याने केलंही होतं. उन्हाळ्यातल्या पाएयाच्या स्पर्धेत त्याने एल पालमार गावच्या खाणावळीतला तयार भात डिकीतून आणला, अंगणात संत्र्याची लाकडं जाळून धूर तेवढा घरचा केला आणि पहिलं बक्षीस घेतलं. कढईच्या बुडाला खाणावळीचं नाव कोरलेलं होतं, ते बघायचं मात्र त्याचं राहून गेलं; गल्लीने बघितलं.

बिचाऱ्याला खरंच पाएया येत नव्हती. वालेन्सियाचा पुरुष असून येत नाही म्हणायची लाज वाटायची, एवढंच. आणि आज, सणाच्या शेवटच्या दिवशी, नेमके मुलीचे, नेउसचे, होणारे सासू-सासरे बुर्गोसहून येत होते. लग्नाची पाएया स्वतःच्या हाताने रांधीन, असं त्याने फोनवर त्यांना छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं.

"त्यांना गल्ली दाखवायचीच नाही," तो बायकोला म्हणाला. "दिवसभर बाहेर फिरवतो. रात्री पुतळा जळला की सुटलो."

"आणि शेजाऱ्यांचं काय?" एम्पारने विचारलं. "त्यांनाही जाळणारेस?"

स्टेशनवरून त्याने पाहुण्यांना परस्पर कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर चढवलं. खाली उतरल्यावर विहीणबाई, लेओनोर, धापा टाकत म्हणाल्या, "अहो, तुमच्या गल्लीतले पुतळे बघायचेत ना!"

"आधी समुद्र!" एलिसेउ म्हणाला.

समुद्रावर बोचरा वारा सुटला होता. व्याही फेर्मीन यांच्या बुटांत वाळू गेली. तिथून सागुंतचा किल्ला, किल्ल्यावरून संत्र्यांच्या बागा. बागेत फेर्मीन बांधावर बसले ते उठेचनात. "एलिसेउराव, आम्ही मुलीचं घर बघायला आलोय की प्रांत मोजायला?"

म्हणून एलिसेउने त्यांना बसल्या बसल्या होणारी सहल दिली, तळ्यावर नाव. वेळ छान जाईल असा हिशोब होता. पण नावाड्याला जेवायची घाई. त्याने भातखाचरांमधल्या कालव्यातून नाव सरळ नेली आणि जिथे लावली ते एल पालमार होतं. भाताचा वास येताच फेर्मीन टुणकन काठावर. खाणावळीच्या दारात मालक चिमो पोटावरच्या फडक्याला हात पुसत उभा.

"एलिसेउ! लेका, आहेस कुठं? आज बसून खाणार की डिकीत ठेवू?"

"हे जरा थट्टेखोर आहेत," एलिसेउ पाहुण्यांना म्हणाला.

"थट्टा कसली? माझी कढई आण की परत!"

फेर्मीन खदखदून हसले. विहीणबाई हसल्या नाहीत. जेवायला बसल्यावर त्यांनी कढईच्या तळाची खरपुडी शांतपणे खरवडून खाल्ली, चमचा पुसला आणि म्हणाल्या, "आता गल्ली बघू."

गाडी गल्लीत शिरली तेव्हा पुतळ्यांभोवती ही गर्दी! एलिसेउ धावत जाऊन आपल्या पुतळ्यापुढे हात पसरून उभा राहिला. झाकायचं राहिलं बाजूला, दोन्ही नाकं एका रेषेत आल्यामुळे लोकांची तुलना करायची सोयच झाली. शिट्ट्या वाजल्या. कुणीतरी ओरडलं, "कागदाचं जास्त सरळ आहे रे!"

एलिसेउने पसरलेले हात खाली घेतले. "विहीणबाई," तो खाली बघत म्हणाला, "मला पाएया येत नाही. कधीच येत नव्हती. खोटं बोललो तुमच्याशी. नेउसला मात्र यातलं काही माहीत नाही, तिला बोल लावू नका."

लेओनोर काही बोलायच्या आत गल्लीच्या प्रमुख रेमेईबाई खुर्चीवर चढल्या. "मतं समसमान पडलीत! कोळणीचा पुतळा वाचवायचा की एलिसेउचा? रीतीप्रमाणे आता पाहुण्यांनी सांगायचं!"

एलिसेउने सुटकेचा श्वास सोडला. एवढं ऐकल्यावर विहीणबाई पुतळा जाळायलाच सांगणार होत्या. त्याची काही हरकत नव्हती.

"व्याह्यांना वाचवा," लेओनोर खणखणीत आवाजात म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. "मुलीसाठी भर चौकात मान खाली घातली त्यांनी. आता ते घरचे झाले. घरच्या माणसाला डोळ्यांदेखत जळू द्यायचं होय?"

गल्लीने टाळ्यांचा कडकडाट केला. एलिसेउला आभार मानावे लागले.

"मग आता हा राहणार कुठे?" फेर्मीन यांनी विचारलं.

"गल्लीच्या सभागृहाच्या दारात," रेमेईबाई म्हणाल्या. "येणाऱ्या-जाणाऱ्याला कायम दिसेल असा."

एलिसेउने एम्पारकडे बघितलं. मे महिन्यात नेउसचं लग्न त्याच सभागृहात होतं.

"बरं झालं," एम्पार म्हणाली. "पाहुण्यांच्या स्वागताला दारात मुलीचा बाप हवाच होता."