समजूतदार खुर्ची

चाचणीच्या दिवशी सकाळीच बुटकी बाई तापाने फणफणली आणि खुर्चीबाईंची पंचाईत झाली.

बुटकी बाई हे त्या कारखान्यात एक पद होतं. विमानातली खुर्ची सर्वांत उंच पुरुषाला आणि सर्वांत बुटक्या बाईला मानवली की मधल्या सगळ्यांना आपोआप मानवते, असा या धंद्यातला हिशेब. त्यामुळे दोन्ही टोकांची माणसं बसवल्याशिवाय चाचणी व्हायची नाही. उंच पुरुष हजर होता, दारातून वाकून आत येत होता. हिशेब खात्यातली बुटकी बाई मात्र पांघरुणात. आणि आज नेमके विमान कंपनीचे मोठे साहेब जातीने येऊन बसणार होते. त्यांना खुर्ची पसंत पडली नाही, तर विमानाच्या खुर्च्यांच्या विभागाला कुलूप लागून खुर्चीबाईंची रवानगी स्टेडियमच्या प्लॅस्टिक खुर्च्यांकडे होणार होती. तसं कारखान्याच्या प्रमुखांनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं.

खुर्च्यांची आखणी त्यांची, आणि खुर्चीबाई हे नाव कारखान्यानेच पाडलेलं. कुणाच्या लग्नाला गेली तरी आधी खुर्ची उलटी करून बघणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणायचं? त्यांनी घड्याळ पाहिलं, कोपऱ्यात गेल्या आणि घरी सासूबाईंना फोन लावला. त्या बुटक्या बाईएवढ्याच होत्या.

"आई, आज काय करताय?"

"काय करणार? तू टाकून गेलेला पसारा आवरतेय."

"ते राहू दे. रिक्षा करून इकडे या. नुसतं बसायचंय. झोप लागली तरी चालेल."

"अगं, मग त्यात काम काय?"

"तेच काम आहे. आणि हे बघा, इथे मला सूनबाई म्हणायचं नाही. चाचणीला घरचं माणूस चालत नाही. मॅडम म्हणा."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मान मागितलास, नाही कसं म्हणू?"

कारखान्याच्या मोठ्या शेडमध्ये विमानाचा एक तुकडा उभा केला होता. गोल खिडक्या, खिडक्यांमागे रंगवलेले ढग, इंजिनाची घरघर ऐकवणारे स्पीकर, सगळं अगदी खऱ्यासारखं. आत खिडकीच्या कडेने एकामागे एक सहा नव्या खुर्च्या होत्या. खुर्चीबाईंनी त्यांना नाव दिलं होतं 'समजूतदार'. मागच्या माणसाचे पाय किंवा गुडघे पाठीला टेकले की ही खुर्ची आपणहून पुढे सरकायची, तेही इतकं हळू की बसलेल्याला पत्ता लागू नये. विमानातली निम्मी भांडणं गुडघ्यांवरून होतात. ती माणसांनी करण्याऐवजी खुर्च्यांनीच आपसात मिटवावीत, ही त्यामागची कल्पना.

मोठे साहेब आले. खूप कमी बोलणारा, कपाळावर कायमची आठी असलेला माणूस. ते पहिल्या खुर्चीत बसले, समोर पडदा लावलेली भिंत. त्यांच्यामागे प्रमुख, मग उंच पुरुष, मग इतर खात्यांतले दोघे आणि सगळ्यात शेवटी, सहाव्या खुर्चीत, सासूबाई.

"मध्येच कुणी येऊन विचारपूस करायची नाही," साहेबांनी बजावलं. "साध्या प्रवाशाला कोण विचारतं? दिवे मंद करा."

दिवे मंद झाले. खुर्चीबाई बाहेर येऊन यंत्रासमोर बसल्या. पडद्यावर सहा खुर्च्यांचे सहा हिरवे ठिपके होते. शेजारी मिस्त्री पान्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता.

थोड्या वेळाने पाचवा ठिपका दोन बोटं पुढे सरकला.

"बघा, समजूत काढली," खुर्चीबाई म्हणाल्या.

मग चौथा सरकला, मग तिसरा. ते बरोबरच होतं. पाचवी खुर्ची पुढे गेली की तिच्यावरच्या माणसाचे गुडघे चौथीला टेकणार, मग चौथी समजून घेणार. एकालाही त्रास नव्हता, जो तो आपली अडचण पुढच्याकडे देऊन मोकळा होत होता. उंच पुरुषाने तर आजवर दाबून ठेवलेले गुडघे सैल सोडले असावेत, कारण त्याच्या पुढची खुर्ची एकदम वीतभर गेली. खुर्चीबाई कौतुकाने बघत राहिल्या. पहिला ठिपका लाल झाला तेव्हा त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

पहिल्या खुर्चीपुढे कुणीच नव्हतं. पुढे भिंत होती.

"मिस्त्री, सगळ्यांचं मिळून साहेबांच्या अंगावर चाललंय," त्या कशाबशा म्हणाल्या आणि त्यांनी धाडकन मुख्य बटण बंद केलं. तिथेच घात झाला. वीज गेली की खुर्च्यांनी आहे त्या जागी घट्ट अडकून बसायचं, ही सोय त्यांनी स्वतःच सुरक्षेसाठी केलेली होती.

दोघं धावत आत गेले. आधी शेवटची खुर्ची लागली. सासूबाईंच्या पुढे एक छोटं अंगण तयार झालं होतं. पाठीशी उशी, पाय पुढे लांब केलेले, तळवे पाचव्या खुर्चीच्या पाठीला टेकवलेले, आणि स्वारी गाढ झोपेत.

"आई, अहो, हे काय केलंत?"

"मॅडम," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "आधी मांडी घालून बसले होते. पण ही पुढची खुर्ची फार भली हो. पाय लावला की सरकते. मग म्हटलं, लांब करावेत."

खुर्चीबाई पुढच्या टोकाकडे धावल्या. पहिली खुर्ची भिंतीला जाऊन भिडली होती. पाठीच्या वरून साहेबांचं नुसतं टक्कल दिसत होतं.

"साहेब, ऐकू येतंय का?"

"येतंय," भिंतीत बोलल्यासारखा आवाज आला. "तुम्ही जा. मी ठीक आहे."

"तुम्ही हाक का नाही मारलीत?"

मिस्त्री बॅटरी घेऊन खुर्चीखाली शिरला आणि जरा वेळाने त्याचा पांढराफटक चेहरा बाहेर आला.

"बाई, साहेबांचे पाय दिसत नाहीत."

"दिसत नाहीत म्हणजे?"

"खाली बूट आहेत. बुटांत पाय नाहीत."

उंच पुरुष वाकून खुर्चीखाली बघू लागला. "ही सुरुवात कुठून झाली? शेवटच्या बाईंना कुणी बसवलं इथे?" प्रमुख खुर्चीबाईंवर खेकसले. "तुमचा विभाग संपला म्हणून समजा. या बाई आहेत तरी कोण?"

"मॅडमना बोलायचं काम नाही," सासूबाई मागून आल्या. "पाय मी लावले. आणि सून आहे ती माझी."

प्रमुख आ वासून दोघींकडे बघत राहिले. खुर्चीबाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण साहेबांचे पाय आधी शोधायला हवे होते. मिस्त्रीने बोल्ट सोडले, चौघांनी जोर लावून खुर्ची मागे ओढली आणि सगळे पुढे वाकले.

साहेब खुर्चीवर मांडी घालून बसले होते. पायांत मोजे, टाय सरळ, चेहरा लालभडक. दोन्ही पाय अंगाखाली शाबूत होते.

"सगळे बाहेर जा," साहेब म्हणाले. "खुर्चीवाल्या बाई आणि या आजी थांबू देत."

सगळे गेल्यावर साहेबांनी आधी दाराकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, "तुम्ही पाय वर का घेतलेत?"

"खाली पोचत नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "लोंबकळून मुंग्या येतात."

"माझेही नाहीत पोचत," साहेब म्हणाले. "कुठल्याच विमानात नाही. माझ्या स्वतःच्याही नाही. दिवे मंद झाले की मी बूट काढतो. हाक मारली असती तर तुम्ही सगळे बघायला आला असता." त्यांनी बूट चढवले आणि ते खुर्चीबाईंकडे वळले. "सरकायचं ते पाच बोटांच्या पुढे जाऊ देऊ नका. आणि बसायची उंची कमी करा. मग किती हव्यात ते बोलू. इथे काय दिसलं ते तुमच्या प्रमुखांनाही बाहेर बोलू देऊ नका."

साहेब गेले. विभाग वाचला होता, पण खुर्चीबाईंना आनंद सुचेना. हिशेब खात्यातली बुटकी बाई दर चाचणीला उंच टाचांच्या चपला घालून येते, म्हणूनच तिचे पाय पोचतात, हे त्यांना आत्ता आठवत होतं. आणि दुसरंही एक आठवत होतं.

"आई," त्या सावकाश म्हणाल्या, "घरी जेवायच्या टेबलाशीही तुम्ही मांडी घालूनच बसता."

"मग? तिथे तरी कुठे पोचतात?"

"त्या खुर्च्या मी स्वतः निवडून आणल्यात. दर वर्षी विचारते तुम्हाला, खुर्ची बरी आहे ना म्हणून. कधी बोलला नाहीत."

"तू कुठे खुर्चीचं विचारतेस?" सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "तू विचारतेस, पाठीला बरं वाटतं ना. पाठीला छानच वाटतं गं."