पांढरी भिंत, निळं पिंप

हनीफ गुरुवारी दुपारी ग्रीसला निघाला आणि पाऊण तासात मुहैस्नाहला पोहोचला.

आखातातल्या अजमानच्या घरातून निघताना रशीदाने त्याच्या गळ्यात मोगऱ्याचा हार घातला, लिफ्टपाशी फोटो काढला आणि तो गावच्या ग्रुपवर टाकला. टॅक्सी एअरपोर्टच्या दिशेने गेली हेही खरं. फक्त एअरपोर्टचा फाटा आला तेव्हा हनीफ ड्रायव्हरला म्हणाला, "भाई, सोनापूर चलो." मुहैस्नाहच्या कामगार वस्तीला सगळे सोनापूर म्हणतात. ड्रायव्हरने आरशातून त्याचा हार पाहिला आणि गाडी वळवली.

जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ट्रॅव्हल कंपनीत हनीफ अकरा वर्षं ग्रीसच्या एका बेटावरच्या सहली विकत होता. तिथल्या तिथे, सकाळी जाऊन संध्याकाळी परत, अशा. ज्वालामुखी बघायला नेणाऱ्या बोटीत कुठल्या बाजूला बसावं, गाढवावरून चढावं की दोरावरच्या पाळण्यातून, सूर्यास्त बघायला किती वाजता जागा धरावी, हे तो खुर्चीतून न उठता छातीठोकपणे सांगे. गिऱ्हाइकं परत आली की म्हणत, हनीफभाई, तुम्ही म्हणालात अगदी तस्संच. यंदा साहेबाला काय वाटलं कोण जाणे, त्याने सांगितलं की कंपनीच्या खर्चाने एकदा स्वतः बघून ये. आठ दिवसांची रजा मंजूर झाली. रशीदाने ही बातमी अजमानच्या इमारतीत सातही मजल्यांवर पोहोचवली आणि रत्नागिरीकडच्या गावात दोन्ही मोहल्ल्यांत.

निघायच्या चार दिवस आधी व्हिसा नाकारला गेला. कारण असं की हनीफ ग्रीसमधून परत निघेल याची त्यांना खात्री वाटत नव्हती. इथला व्हिसा नवा करताना दर वेळी ज्याला आपण इथले कायमचे नाही हे निमूट आठवावं लागतं, त्या माणसावर मुक्काम ठोकण्याचा संशय यावा, याचं हनीफला हसू आलं असतं. पण तेव्हा रशीदा बाहेरच्या खोलीत त्याच्या मोज्यांच्या जोड्या लावत फोनवर आपल्या बहिणीला बेटाची माहिती देत होती. तिला सांगायची त्याला छाती झाली नाही. रजा होती, बॅग भरलेली होती, आणि सोनापूरला भिवा होता.

भिवा आणि हनीफ गावच्या शाळेत एका बाकावर बसलेले. चौदा वर्षांपूर्वी हनीफनेच त्याला व्हिसा काढून इथे आणलं होतं. तेव्हापासून भिवा बांधकामावर शटरिंगच्या फळ्या ठोकत होता. त्याच्या खोलीतला समाधान सुट्टीवर गावी गेला होता, त्यामुळे एक खाट रिकामी होती. बाहेरच्या माणसाला मुक्कामाची बंदी होती, पण ती सगळ्याच खोल्यांतून मोडली जाई.

"आलास ग्रीसला?" भिवाने दारातच विचारलं.

"हळू बोल रे."

"आणि हार कोणी घातला? तिकडच्या सरकारनी?"

शुक्रवारी हनीफने ऑफिसच्या फोटोंतून सहा निवडून घरी पाठवले. बोट, घुमट, ज्वालामुखी, गाढवं. संध्याकाळी भिवा कामावरून आला, हातपाय धुऊन खाटेवर बसला आणि म्हणाला, "हां, आज कुठं कुठं गेलास ता सांग." हनीफला आधी राग आला. पण सांगायला लागला तसा तो रंगला. गिऱ्हाइकांना बसल्या जागेवरून सांगायचा ते सगळं त्याने सांगितलं, आणि भिवाने डाळीला फोडणी देता देता ते असं ऐकलं, जसं काही उद्या त्यालाच निघायचंय. "माझ्या फोनवर पण टाक ते फोटो," तो म्हणाला. "बघायला बरे हायत."

घरी मात्र भागलं नाही. "तुमी एकाही फोटोत का नाय?" रशीदाचा फोन आला. मागून त्यांची धाकटी झारा ओरडली, "डॅड, वन सेल्फी प्लीज. माय फ्रेंड्स थिंक आय ॲम लाइंग."

बाप खोटं बोलतोय आणि पोरीवर आळ येतोय, हे हनीफला फार लागलं. तो डोकं धरून बसला. उपाय भिवाने काढला. छावणीच्या मागच्या भिंतीला नुकताच चुना मारला होता. तिथेच धुण्याचं एक निळं पिंप होतं. भिवाने ते भिंतीला लावलं, वर मिठाच्या पुडीएवढी एक तुळशीची कुंडी ठेवली आणि चार पावलं मागे जाऊन बघितलं. "झालं की तुझं बेट. पांढरा नि निळा. आणि काय असतं तिथं?" शनिवारी सकाळी कामाची बस यायच्या आधी त्याने हनीफचा फोटो काढला. ग्रुपवर बासष्ट जणांनी तो पसंत केला. रशीदाला एकच शंका आली. "घामाघूम झालाव की तुमी. तिकडं पण उकडतं?"

"बेट आहे. दमट असतं," हनीफ म्हणाला.

मग आला व्हिडिओ कॉल. रविवारी साडेचारला सगळं घर, इकडचं आणि गावचं, हनीफसोबत ग्रीस बघणार होतं. रशीदाने वेळ परस्पर ठरवून टाकली होती. हनीफ म्हणाला की नेटवर्क नाही म्हणून सांगतो. भिवा म्हणाला, "आज सांगशील, उद्या काय सांगशील? दोन मिंटं दाखव नि बंद कर." पण साडेचारला त्या भिंतीवर शेजारच्या टाकीची सावली पडे. ऊन असलेल्या बाजूला पिंप हलवायला हवं होतं, आणि रविवार असल्याने ते धुण्यासाठी काठोकाठ भरलेलं होतं.

"थांब, मी पण हात लावतो," हनीफ म्हणाला.

"तुझा हात खुर्चीतला. सरक तिकडं." भिवाने पिंप कवेत घेतलं आणि बुडाच्या कडेवर कलतं करून गरगर फिरवत वीस पावलं नेलं. भिंतीला टेकवलं. तुळस सारखी केली. मग म्हणाला, "वाईच बसतो," आणि पिंपाला पाठ लावून बसला.

तो उठला नाही. ॲम्ब्युलन्सवाल्याने फार वेळ खटपट केली नाही. हृदय आधीच खलास झालं होतं, आज नाहीतर महिन्याने, असं पुढे हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाला. पण त्या क्षणी भिंतीशी उभ्या हनीफच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की आता व्हिडिओ कॉल टळला. भिवाचा हात अजून गरम होता. त्या विचाराची हनीफला पुढे इतकी लाज वाटली की नमाजातही ती त्याच्याबरोबर उभी राहायची.

पोलिसाने सगळ्यांची कार्डं बघितली. हनीफचं बघून त्याने विचारलं, "तुम अजमानवाला, इधर क्या करता?"

हनीफ खोटं आठवू लागला, मग खरं आठवू लागला. दोन्ही सांगण्यासारखी नव्हती. "घूमने आया था, सर," तो म्हणाला.

पोलिसाने छावणीकडे बघितलं, वाळत घातलेल्या लुंग्यांकडे बघितलं आणि कागदावर 'व्हिजिटर' असं लिहिलं.

मग हनीफच्या सहली सुरू झाल्या. सोमवारी सकाळी शवागार, दुपारी पोलीस ठाणं. मंगळवारी वकिलातीची रांग, तिथून भिवाचा व्हिसा रद्द करायला. बुधवारी पुन्हा मुहैस्नाह, कारण देह विमानात चढवण्याआधी मसाला भरतात ते केंद्र तिथेच. प्रत्येक ठिकाणी किती वाजता गेलं की रांग कमी असते, फोटोकॉपी कुठल्या बाजूला मिळते, हे त्याला दोन दिवसांत पाठ झालं. देहासोबत एक माणूस हवा होता. खोलीतल्या कोणाला रजा नव्हती. रजा मंजूर, बॅग भरलेली आणि पासपोर्ट खिशात असा एकच माणूस तिथे होता.

रशीदाला त्याने सोमवारीच फोन केला होता. "भिवा गेला. मी त्याला गावी घेऊन जातोय."

ती रडली. दर ईदला भिवा शेवयांसाठी येई. नाक ओढून ती म्हणाली, "ग्रीस अर्धं टाकून आलाव तुमी? दोस्तासाठी?"

हनीफने तोंड उघडलं, तेवढ्यात तिने फोन ठेवलाही होता. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर त्याच्या दिलदारीचे त्रेचाळीस मेसेज आले. गावच्या जमातीच्या सदरांनी, म्हणजे अध्यक्षांनी, लिहिलं की असा दोस्त अल्ला सर्वांना देवो. हनीफने एकेक वाचला आणि प्रत्येक वाचताना त्याला पिंप फिरल्याचा आवाज ऐकू आला.

विमानात त्याने ठरवलं की तानुबाईला सगळं सांगायचं. भिवाच्या बायकोला. मुंबईपासून गावापर्यंत पेटीच्या शेजारी बसून तो वाक्यं जुळवत होता. तुझा नवरा माझ्या खोट्यापायी पाण्याचं पिंप ओढताना गेला. यापेक्षा कमी शब्दांत ते बसत नव्हतं. ड्रायव्हरने दोनदा चहाला गाडी थांबवली, पण हनीफ उतरला नाही.

अग्नी दिल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो भिवाच्या घरी गेला. तानुबाई पडवीत भिंतीला टेकून बसली होती. तिने त्याला पाट दिला.

"तानुबाय, मला तुला एक सांगायचंय," हनीफ म्हणाला. "भिवा गेला ना, तो माझ्यामुळे..."

"ठाव हाय मला," तानुबाई म्हणाली.

हनीफ पाटावरून अर्धा उठला.

"त्यांनी सांगितलानी होतं. कोणाला बोलू नको म्हणाले, कंपनीला कळलं तर पगार कापतील." तिने फोन पुढे केला. शुक्रवारचे सहाही फोटो त्यात होते. खाली शनिवारचा सातवा होता. पांढरी भिंत, निळं पिंप, आणि पुढे हनीफची ग्रीससाठी घेतलेली हॅट घालून भिवा उभा. हनीफ अंघोळीला गेला असताना कोणाकडून तरी काढून घेतलेला. खाली भिवाचा आवाज होता. तिने तो लावला. "तानू, हनीफनी मला बरोबर आणलान. लय झ्याक हाय बेट. गाढवावर बसलो नाय, गाढवाची दया आली. मी उद्या माघारी जाणार, तो ऱ्हाईल."

आवाज संपला. तानुबाईने फोन पदराला पुसला.

"चौदा वर्सं निस्त्या फळ्या ठोकल्यानी," ती म्हणाली. "म्हंत होते, परदेशात हाय पण बघितलं काय? आता बघून तरी गेले. तुमच्यामुळं. ह्ये तुमचे उपकार मी कुठं फेडू, हनीफभाव?"

रस्ताभर जुळवलेलं वाक्य हनीफच्या जिभेवर तयार होतं. त्याने तानुबाईकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण त्यात थोडा तोरा होता, नवरा ग्रीसला जाऊन आलेल्या बाईचा. ते वाक्य हनीफने गिळलं. आता ते आयुष्यभर पोटातच राहणार, हेही त्याला कळलं.

"काय काय दाखवलाव त्यांना?" तिने विचारलं. "त्यांना मेलं सांगता येत नसे. झ्याक हाय, झ्याक हाय, एवढंच."

"सगळंच दाखवलं."

"बोट लागली का हो? होडीत बसले की ओकायचे."

"नाही," हनीफ म्हणाला. "मोठी बोट होती. पुढे वाऱ्यावर बसवलं होतं त्याला."

"थांबा जरा." तानुबाई उठली, मागच्या दाराने गेली आणि शेजारच्या तीन बायकांना आणि भिवाच्या म्हाताऱ्या चुलत्याला घेऊन आली. सगळे पडवीत मांड्या घालून बसले. तिने म्हाताऱ्याला हनीफच्या अगदी समोर बसवलं, कारण त्याला कमी ऐकू येई.

"हां, आता पयल्यापासून सांगा," ती म्हणाली.

हनीफने घसा खाकरला. अकरा वर्षांत त्याने ही सहल हजार वेळा तरी सांगितली असेल. "सकाळी साडेआठला गाडी आली," तो म्हणाला. "भिवा खिडकीपाशी बसला."