चिलखती माशाचं शेपूट

गिरिधर मास्तरांनी औरंगाबादच्या कॉलेजातून दोन दिवसांच्या बोलीवर आणलेला दगड टेबलावर ठेवला, आणि शरयूला तो बाळाच्या डोक्यावर पडलेला दिसला. पडला नव्हता, पण शरयूला गोष्टी होण्याआधीच दिसत.

"काय आहे हे?"

"चिलखती मासा. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. जातच संपली, दगडात फक्त डोक्याचं कवच उरलंय. उद्या इन्स्पेक्टरसाहेब वर्गावर येऊन राह्यलेत. शेरा चांगला पडला तर नोकरी पक्की, न्हाई तर जूनपासून घरी. बिलकुल हात लावू नकोस."

ते शाळेत गेले आणि शरयूने हात लावला. दगड मागच्या पडवीत, जात्या-पाट्याशेजारी जमिनीवर ठेवला. तिथून तो कुणावर पडणार नव्हता.

दुपारी झुंबरबाई आली. झिजलेली जाती-पाटे छिन्नीने ठोकून पुन्हा खरखरीत करण्यात तिचा हात धरणारं जुन्या जालन्यात कुणी नव्हतं. मांडीवरच्या बाळाचा डोळा लागत आला होता, म्हणून शरयूने आतूनच सांगितलं, "पडवीत दगड आहेत, घ्या करून."

ठकठक सुरू झाली. मध्येच थांबली.

"बाई, ह्या एकाला डोळं हायेत."

"असू देत," शरयू पेंगत म्हणाली. "मासा आहे तो."

"मासा? बरं."

बाळ झोपलं, आणि बसल्या बसल्या शरयूही. जाग आली तेव्हा झुंबरबाई छिन्नी पुसत होती.

"जातं झालं, पाटा झाला. माशाला शेपूटच न्हवतं, मंग ते बी दिलं करून. खवल्यांसगट."

संध्याकाळी गिरिधर मास्तर घरी आले तेव्हा दगड गोणपाटात बांधलेला होता.

"अगं, सात गाठी?"

"पडू नये म्हणून," शरयू म्हणाली. आणि तिने आठवी मारली.

दुसऱ्या दिवशी मास्तर परतले आणि टोपी न काढताच बसले.

"साहेबांनी मासा पाहिला. बराच वेळ पाहिला."

"मग?"

"म्हणाले, शेपूट अस्सल आहे. डोकं मात्र इथल्याच कुण्या कारागिरानं कोरलेलं दिसतं. माशाचं डोकं कुठं असं असतं का?"

"आणि नोकरी?"

"पक्की. 'स्थानिक कारागिरीस उत्तेजन दिले,' असा शेरा आहे." मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. "आता कॉलेजात काय तोंड दाखवू, ते तू सांग."

तिसऱ्या दिवशी सकाळीच झुंबरबाईला बोलावणं गेलं. शेपूट घासून सपाट करायचं होतं. शरयूने तिला सगळं सांगितलं. झुंबरबाईने हातातली छिन्नी खाली ठेवली.

"शेपूट पुसते, बाई. पन आधी त्या सायबाला चिठ्ठी लिवा. डोकं म्या न्हाई केलं. असलं वंगाळ काम माझ्या हातचं नसतंय."